सात आठे

परतवाड्यात कुणाचं एक रुपया देणं नसलेली माणसंसुद्धा एका माणसाला लांबून पाहून गल्ली बदलतात. तो सावकार नाही, पतसंस्थेच्या वसुलीवरचा माणूस नाही, विम्याचा एजंटही नाही. तो गणिताचा निवृत्त मास्तर आहे. जयस्तंभ चौकात समोरासमोर गाठ पडली की राम राम न घालता, छत्रीचं टोक तुमच्या छातीच्या रोखानं धरून तो विचारतो, "सात आठे?"

तुम्ही फाडकन "छप्पन" म्हणालात तर सुटलात. पण डोळे आभाळाकडे गेले, ओठ पुटपुटले की संपलं. "सात एकेपासून चढत येतोस काय रे? पन्नाशी आली तुझी. रात्री आठ वाजता ओसरीवर ये." समोरचा नगरपालिकेचा ठेकेदार असो, कापसाचा व्यापारी असो, त्याच्या शेजारी गावात पहिल्यांदाच आलेले त्याचे व्याही असोत, मास्तरांना फरक पडत नाही. त्यांचं पाळण्यातलं नाव गावानं केव्हाच रद्द करून टाकलं आहे. लहानथोर सगळे त्यांना 'सात आठे गुरुजी' म्हणतात आणि पोस्टमनलाही तेवढा पत्ता पुरतो.

प्रत्येक गावात असा एखादा नग असतोच. कुणाला दुसऱ्याच्या शुद्धलेखनाचा त्रास होतो, कुणाला दुसऱ्याच्या लग्नपत्रिकेतल्या तिथीचा. आमच्या गुरुजींना दुसऱ्याच्या डोक्यातल्या बेरजेचा होतो. एका मयतीला लाकडाचा हिशोब करायला कुणीतरी खिशातून मोबाइल काढला, तर खांदा बदलता बदलता गुरुजी म्हणाले, "चार मणाला मोबाइल? वरच्याला विचार, तो सांगेल." मयताच्या जावयाला हसू आवरेना आणि पुढं महिनाभर सासुरवाडीत त्याला कुणी चहा विचारला नाही.

निवृत्तीनंतर माणसं देवळाला लागतात, नाहीतर सकाळी फिरायला लागतात. गुरुजींनी शाळेत चाळीस-चाळीस पोरं हाकली होती. त्यातली निम्मी पाढे न शिकताच पुढच्या वर्गात गेली, हे शल्य त्यांना नोकरीत असताना वाटायला सवड नव्हती. निवृत्तीनंतर सवड मिळाली. मग त्यांनी ती पोरं, म्हणजे आता पोटं सुटलेली आणि केस पांढरे झालेली माणसं, एकेक करून परत गोळा करायला घेतली.

ओसरीवर सतरंजी, भिंतीला टेकवलेलं एक जुनं दार, त्याला काळा रंग. हाच फळा. कडीकोयंडा अजून तसाच आहे, त्यामुळे डाव्या बाजूला आकडे दाटीवाटीनं लिहावे लागतात. फी नाही, मात्र संत्र्याच्या दिवसांत गुरुजींच्या घरी संत्री विकत येत नाहीत. वर्गाला येणारी माणसं बघावीत. सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीचा गणिताचा पेपर काढू पाहणारा ऑटोवाला. पोलीस भरतीत धावण्यात पहिला आणि लेखीत गारद झालेला एक दांडगा गडी. बचत गटाच्या सचिव असलेल्या ताई. संत्र्याच्या वखारीवरचा हमाल. लाकूड कापण्यात उभी हयात घालवलेला एक सुतार. आणि गुजरीत भाजीचा ठेला लावणारी मावशी, जिच्यासमोर खुद्द गुरुजी जरा जपून बोलतात.

सुरुवातीला कुणीच मान्य करत नाही की आपल्याला येत नाही. फळ्याकडे बोलावलं की हमखास एक वाक्य ऐकू येतं, "गुर्जी, चष्मा घरी राह्यला." गुरुजींनी यावर उपाय काढला. गावातल्या चष्म्याच्या दुकानांतून, नातेवाइकांच्या कपाटांतून जुने चष्मे जमवून त्यांनी एका बिस्किटाच्या डब्यात ठेवले आहेत. कुणी चष्म्याचं नाव काढलं की डबा पुढं येतो. "घे. दीडचा, अडीचचा, जो लागेल तो लाव." माणूस एकेक चष्मा लावून बघतो. शेवटी कुणाच्या तरी दिवंगत आजोबांच्या चष्म्यातून त्याला फळा लख्ख दिसायला लागतो आणि मग पळवाट उरत नाही. पोलीस भरतीवाल्याला तर चष्म्याची गरजच नव्हती, चौकट नाकावर चढवल्यावर तो आणखी आंधळा झाला आणि त्यानं खरंखुरं कबूल केलं, "मले सहाच्या म्होरं येतच नाई जी."

बायकांची तऱ्हा वेगळी. त्यांना मोजायला चष्मा लागत नाही, पदर लागतो. ताईंना आठ अधिक सात विचारलं की उजवा हात अलगद पदराखाली जातो. आत अंगठा करंगळीच्या पेरावरून निघतो, एकेक पेर चढत तर्जनीपर्यंत पोचतो, आणि चेहरा मात्र देवळातल्या कीर्तनाला बसल्यावर असतो तितका शांत. वरून काहीही कळू नये याची पुरती व्यवस्था. पण कोपराची हालचाल लपत नाही. गुरुजी कोपर बघूनच सांगतात, "बाराव्या पेरावर आलीस ना? पुढं पेरं संपली." मग ते आठला सातातले दोन उसने द्यायला लावतात. दहा झाले, हातात पाच उरले, पंधरा. ताई म्हणाल्या, "हे त आमच्या गटातल्यावानीच झालं. कमी पडलं त शेजारणीकून आनाचं." त्या दिवसापासून पदर जागेवर राहिला.

गुरुजींची मूळ पद्धत जुन्या वळणाची: सगळ्यांनी एका सुरात, एकेपासून दाहेपर्यंत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे सगळं त्यांना अजून तोंडपाठ आहे आणि माई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, सांगतात की झोपेतही औटकी चालू असते. पण दिवसभर ऑटो चालवून, हमाली करून आलेली माणसं तालासुरात पाढे म्हणायला लागली की तिसऱ्या पाढ्याला माना कलायच्या. सातच्या पाढ्यापर्यंत हमाल घोरत असायचा, आणि त्याचं घोरणं तालात असल्यामुळे बराच वेळ कुणाच्या लक्षात येत नसे.

मग गुरुजींनी हिशोब मांडला. एकपासून नऊपर्यंतचे पाढे म्हणजे नऊ नव्वे एक्क्याऐंशी गोष्टी. पण तीन चोक आणि चार त्रिक एकच, म्हणून उरल्या पंचेचाळीस. एकचा पाढा सोडा. दोनचा कुणालाही येतो. पाचचा तर नोटा मोजणाऱ्या प्रत्येकाला येतो. नऊला दहाचा भाव लावायचा आणि एकदाचे परत करायचे: सातला सत्तर, त्यातले सात परत, त्रेसष्ट. एवढं वजा जाता तीन, चार, सहा, सात आणि आठ यांच्या आपसातल्या फक्त पंधरा जोड्या उरतात. इतक्या वर्षांच्या नोकरीत हे आपल्याला कुणी सांगितलं नाही, याचा गुरुजींना इतका राग आला की त्या रात्री ते जेवले नाहीत. भिंतीवर त्यांनी खडूनं मथळा लिहिला, 'थकबाकीदारांची यादी', आणि खाली त्या पंधरा जोड्या. ज्याची जोडी पक्की झाली त्याच्यापुरती ती यादीतून वसूल. पतसंस्थेच्या नोटीस बोर्डाची जरब परतवाड्यात सगळ्यांना माहीत आहे. माणसं येता-जाता भिंतीकडे चोरून बघायला लागली. तीन त्रिक, चार चोक पटापट वसूल झाले. सहा सक छत्तीसही आला. पण सात आठे प्रत्येकाच्या खात्यावर शेवटपर्यंत थकलेला.

हा थकबाकीदार ऑटोवाल्यानं पकडला. मोबाइलचं लॉक उघडताना तो एकदम ओरडला, "गुर्जी! पाच, सहा, सात, आठ! छप्पन म्हंजे सात आठे!" सगळ्यांनी आकडे ओळीनं बघितले आणि टाळ्या पिटल्या. गुरुजींचा चेहरा पडला. "हा पाढा आहे की पोलिसांची कवायत?" पोलीस भरतीवाल्याला हे लागलं असावं, पण तो गप्प बसला. दुसऱ्या दिवशी वर्ग सुरू व्हायच्या आधी गुरुजींनी कुणाकडे न बघता फळ्यावर १ २ ३ ४ असं लिहिलं आणि खाकरून म्हणाले, "बारा म्हणजे तीन चोक." रात्रभर जागून काढलेलं होतं ते. आता अडचण एवढीच झाली आहे की ओसरीवरच्या सगळ्यांच्या मोबाइलचं लॉक ५६७८ आहे आणि कुणीही कुणाचाही फोन उघडून मिस्ड कॉल बघतं.

बेरजेच्या सरावासाठी गुरुजींना खऱ्या आकड्यांची वही हवी होती. त्यांनी माळ्यावरून थोरल्या मुलाच्या लग्नातली आहेराची वही काढली. "अमुक किराणा, एक्कावन्न. त्यात मिळवा पाटील मंडळी, एकशे एक. किती?" वर्ग एकाएकी जागा झाला. इतक्या एकाग्रतेनं कुणी बेरजा केल्या नव्हत्या. वहीत एका बड्या दुकानदाराच्या नावापुढं फक्त एकवीस रुपये निघाले आणि ती बातमी रात्रीतून बुंदेलपुऱ्यापर्यंत पोचली. चार दिवसांनी दुकानदार ओसरीवर हजर. पाकिटात पाचशे एक रुपये. "तवा गडबडीत चुकून गेलं होतं जी," म्हणाला. गुरुजींनी पाकीट घेतलं, त्याला सतरंजीवर बसवलं आणि फळ्यावर लिहिलं: ५०१ वजा २१. दुकानदाराला उत्तर काढायला लावून, ४८० बरोबर आलं म्हणून शाबासकी देऊन, मगच त्याला जाऊ दिलं. माईंनी त्यानंतर ती वही गादीखाली लपवली.

शाब्दिक गणितांत गुरुजींचं मन अजून जुन्या काळात अडकलं आहे. अचलपूर ते मूर्तिजापूर शकुंतला त्यांच्या फार जिव्हाळ्याची. छोट्या रुळांची ७६ किलोमीटरची ती गाडी त्यांच्या गणितात अजून धावते. "शकुंतला शहात्तर किलोमीटर जायला चार तास घेते. तर ताशी वेग किती?" उत्तर एकोणीस. हमालानं हात वर केला, "शून्य." का? "थे गाडी त बंद हाय गुर्जी, कैक वर्सं झाले." गुरुजींनी पूर्ण गुण दिले, डोळे मात्र पुसले. पौषात बहिरमची जत्रा लागली की अर्धा वर्ग तिकडे. तेव्हा फळ्यावर गणित येतं: आठ पंगती, प्रत्येक पंगतीत सात माणसं, माणशी एक रोडगा. सात आठे कुणालाही अडत नाही. वाद होतो तो माणशी एक रोडगा या गृहीतकावर. हंडीचं मटण असताना एका रोडग्यावर उठणारा माणूस ऑटोवाल्यानं तरी अजून पाहिलेला नाही.

ऑटोवाल्याचं दुखणं आणखी एक होतं. त्रेसष्ट म्हटलं की तो ३६ लिहायचा. कानावर आधी तीन पडतो, हात बिचारा आधी तीनच लिहितो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'साठ तीन' असं वाचायची सोय आली, तेव्हा महाराष्ट्रभर गदारोळ झाला होता. मंगला नारळीकर ज्या समितीच्या अध्यक्ष होत्या त्या समितीवर टीकेची झोड उठली, विधिमंडळापर्यंत विषय गेला. चौकातल्या चहाच्या टपरीवर सर्वांत मोठा आवाज आमच्या गुरुजींचा. "त्रेसष्टला साठ तीन? उद्या आजोबांना बापाचा बाप म्हणा!" हेच गुरुजी हल्ली ओसरीचं दार ओढून घेतात आणि ऑटोवाल्याच्या कानाशी हळूच म्हणतात, "साठ... तीन." ३६ येणं बंद झालं. माझं मत विचाराल तर बाईंचं म्हणणं तेव्हाही बरोबर होतं, पण हे गुरुजींना सांगायला चौकात जायला हवं आणि छत्रीचं टोक मला आवडत नाही.

खरी गंमत मावशीची. सव्वा किलो वांगी चाळीसच्या भावानं आणि ऐंशीच्या भावानं पाव मिरच्या दिल्या की शंभराची नोट हातात पडायच्या आत तिच्या दुसऱ्या हातात तीस रुपये तयार असतात, वर कढीपत्त्याची काडी. तेच शंभर वजा सत्तर गुरुजींनी फळ्यावर उभं मांडलं तर मावशी अडली. शून्यातून शून्य गेला. शून्यातून सात जात नाहीत, मग शेजारून उसने घ्यायचे, असं गुरुजींनी दाखवलं. नेमकी त्याच वेळी तिची नजर उजवीकडच्या शेजाऱ्यावर पडली. तोही शून्य. मावशी म्हणाली, "शून्यापाशी काय उसनं मांगता गुर्जी? त्याच्याच घरी काई नाई." ताईंचंही तेच. आठ हजारांवर शेकडा दोननं सात महिन्यांचं व्याज त्या अकराशे वीस म्हणून मोकळ्या होतात. सोळा साते विचारलं की, "थे नाई येत जी."

हे सगळं गुरुजींनी अमरावतीच्या प्राध्यापक भाच्याला फोनवर सांगितलं. भाचा म्हणाला, मामा, यावर जगभर संशोधन झालंय. ब्राझीलच्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या पोरांनी बाजारातले हिशोब ९८ टक्के बरोबर केले आणि तसेच आकडे कागदावर नुसते मांडून दिले तर फक्त ३७ टक्के. १९८५ सालचा निबंध आहे. कोलकाता-दिल्लीच्या बाजारातल्या मुलांवरचा तसाच अभ्यास २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये आला. गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतलं. "एवढ्यासाठी ब्राझीलला कशाला जायचं? गुजरीत यायचं होतं." पण तेव्हापासून फळ्यावर उभी वजाबाकी मांडण्याआधी ते मावशीला विचारतात, "भाव काय लावू?" आणि सत्तरावर शंभर होईस्तोवर किती द्यावे लागतील, असं वरून खाली न येता खालून वर चढतात. मावशीच्या हाताला तीच सवय आहे.

तिला त्यांनी 'उल्लास' नवभारत साक्षरता कार्यक्रमाच्या परीक्षेला बसवलं होतं. १७ मार्च २०२४, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान पन्नास-पन्नास गुणांचं, एकूण दीडशे. आदल्या रात्री गुरुजींनी सराव पेपर दिला: कांदे बारा रुपये किलो, तर सहा किलो कांद्यांचे किती? मावशीनं पेपर परत दिला तेव्हा त्यावर बाराचे पंचवीस केले होते आणि उत्तर दीडशे. "बाराचा कांदा सडका रायते. मी नाई इकत." परीक्षेच्या दिवशी केंद्राबाहेर गुरुजी दोन तास उभे. सुपारी नाही, पाणी नाही. मावशी पास झाली. प्रमाणपत्र लॅमिनेट करून ठेल्यावर वजनकाट्याच्या मागं टांगलंय, टोमॅटोच्या वरच. गुरुजी कौतुकानं वर्गाला सांगत होते की मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी २०१६ च्या महिला दिनापासून आज्यांची शाळा भरते आणि सगळ्या आज्या गुलाबी लुगडी नेसून जातात. मावशीनं विचारलं, "मंग आमाले पातळ कवा?" गुरुजींनी विषय भागाकाराकडे वळवला.

सध्या त्यांनी नवीन खूळ काढलंय. थकबाकी बरीचशी वसूल झाल्यामुळे वर्तुळ घेतलंय. बातमी फुटताच वर्ग निम्म्यावर आला. सुतार मात्र रोज येतो. घनफूट हा त्याच्या पोटापाण्याचा विषय. आरामशीनवर ओंडक्याचा हिशोब पिढ्यान्‌पिढ्या एकाच रीतीनं होतो: दोरीनं घेर मोजायचा, त्याचा चौथा हिस्सा काढायचा, त्याला त्यानंच गुणायचं, मग लांबीनं. चार फूट घेर, आठ फूट लांबी. एक गुणिले एक गुणिले आठ, आठ घनफूट. सुताराला यात शंका यायचं कारणच नव्हतं.

गुरुजींनी फळ्यावर ओंडका काढला, कडीकोयंडा टाळून. घेर चार फूट म्हणजे त्रिज्या सात छेद अकरा. बावीस छेद सात गुणिले त्रिज्येचा वर्ग, गुणिले आठ. बावीस आणि अकरानं एकमेकांना खाल्लं, सातानं साताला खाल्लं. वर उरले दोन, सात आणि आठ; खाली अकरा. "सात आठे?" गुरुजी गरजले. "छप्पन!" सुतारानं श्वास न घेता सांगितलं. "छप्पन दुणे?" "एकशे बारा!" "भागिले अकरा?" दहा, वर दोन उरले. म्हणजे ओंडक्यात लाकूड दहा घनफुटांच्याही वर, आणि हिशोबात धरलेलं आठ. शंभरातले एकवीस-बावीस हिशोबातच येत नाहीत.

साडेदहा वाजले होते. माई दोनदा आतून खाकरल्या होत्या. सुतार बराच वेळ फळ्याकडे बघत बसला. मग उठला, दाराशी जाऊन रस्त्यावर कुणी आहे का ते बघून आला.

"म्हंजे गुर्जी, आजवर मी आठाचे पैसे देल्ले अन् दहा घरी नेलं?"

"हो. कापताना साल आणि भुसा जातो म्हणून तशी रीत पडली असेल. पण गणितानं दहाच्या वरच."

सुतारानं खांद्यावरचं उपरणं काढलं. "पुसून टाकू का जी हे? आरामशीनचा मालक इथूनच जाते सकाळी."

"अजिबात नाही," गुरुजी म्हणाले. "त्यालाच तर उद्यापासून वर्गाला बोलावलंय. सात आठेला अडकला होता."